एका वर्षात प्रो की पूर्ण कॉलेज? पळणाऱ्या पोरीच्या आईबापांसाठी

3 ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिंपिक, ओला ट्रॅक. महिलांच्या 100 मीटरमध्ये ज्युलियन आल्फ्रेड 10.72 सेकंदांत पहिली, शकारी रिचर्डसन 10.87 मध्ये दुसरी, मेलिसा जेफरसन 10.92 मध्ये तिसरी. आल्फ्रेड सेंट लुशियाची, बाकी दोघी अमेरिकन, पण तिघीही अमेरिकन कॉलेजांतून आलेल्या. आल्फ्रेड 2023 पर्यंत टेक्सास विद्यापीठाकडून पळत राहिली. जेफरसनने कोस्टल कॅरोलिना तीन वर्षांनी सोडलं. रिचर्डसन लुइझियाना स्टेटमध्ये जेमतेम एक वर्ष होती.

मुलीने वर्षभरात कॉलेज सोडून प्रो, म्हणजे पैसे घेऊन पळणारी व्यावसायिक धावपटू, व्हावं की कॉलेज पूर्ण करावं? एवढ्यावरून निकाल लावायचा तर ‘कॉलेज पूर्ण करा’ असं म्हणून मोकळं होता येईल. पण पुढच्याच वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत जेफरसन (आता जेफरसन-वूडन) 10.61 मध्ये पहिली आली, आल्फ्रेड तिसरी आणि रिचर्डसन पाचवी. त्यामुळे पदकांकडे बघून हा प्रश्न सुटत नाही. ओळखीतल्या एका घरी सध्या हाच वाद चालू आहे. वडिलांनी एक्सेल उघडलंय, आई म्हणते ‘आधी डिग्री’, आणि पोरगी कानात इयरफोन घालून बसली आहे. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. प्रत्येक धावपटूच्या वाट्याला एखादं वाईट वर्ष येतंच. त्या वर्षी मुलीच्या हाताशी काय असेल, हे बघून ठरवा.

शकारीचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. 8 जून 2019, ऑस्टिनचं मायर्स स्टेडियम, एनसीएएची (अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची संघटना) फायनल. एकोणीस वर्षांची, पहिल्याच वर्षाची मुलगी 100 मीटर 10.75 मध्ये पळाली. तो कॉलेजचा विक्रम होता आणि वीस वर्षांखालचा जागतिक विक्रमही. तासाभराच्या आत 200 मीटरमध्ये 22.17, तिथे एका शतांशाने दुसरी. त्याच महिन्यात ती प्रो झाली. अशा वेळी ‘नको’ म्हणायला कुठल्या आईबापाची जीभ रेटेल? पण जुलैत राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलमध्ये ती आठवी आली आणि दोहाची जागतिक स्पर्धा हुकली. 2021 मध्ये ऑलिंपिक चाचणी जिंकली, पण गांजाच्या चाचणीत सापडली आणि टोकियो ऑलिंपिक गेलं. 2022 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत 100 मीटरच्या पहिल्या फेरीतच बाहेर. मग 2023 मध्ये बुडापेस्टला नवव्या लेनमधून 10.65 आणि विश्वविजेतेपद. कॉलेज सोडल्यापासून चार वर्षं गेली, आणि तीही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. एक वर्षाने सोडलं म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही. पण पडझडीच्या काळात कॉलेजमध्ये दर शनिवारी टीमच्या गुणांसाठी पळायचं असतं, ट्यूटर असतो, फिजिओ फुकट असतो. प्रो झाल्यावर हे सगळं खिशातून.

दुसऱ्या टोकाला गॅबी थॉमस. हार्वर्ड, विषय न्यूरोबायोलॉजी. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्डसारख्या आठ जुन्या विद्यापीठांचा गट) खेळाची स्कॉलरशिप नसतेच, म्हणजे पळण्यासाठी तिला कुणी पैसे दिले नव्हते. 2018 मध्ये इनडोअर 200 मीटरचं एनसीएए विजेतेपद 22.38 मध्ये जिंकलं, शेवटच्या वर्षी कॉलेजकडून पळण्याचा हक्क सोडून बुटांच्या कंपनीशी करार केला, पण अभ्यास सोडला नाही. 2019 मध्ये पदवी घेतली. मग ऑस्टिनला गेली, नवी कोच, आणि सोबतीला साथरोगशास्त्रातली मास्टर्स. ती 2023 मध्ये पूर्ण झाली. प्रबंध झोप आणि वांशिक विषमतेवर होता. विमा नसलेल्या लोकांच्या दवाखान्यात आठवड्याचे दहा तास रक्तदाबाच्या रुग्णांचं कामही ती करायची. टोकियो ऑलिंपिकमध्ये 200 मीटरचं कांस्य, पॅरिसमध्ये 21.83 मध्ये सुवर्ण आणि दोन्ही रिलेंत सुवर्ण. मला स्वतःला ही वाट सगळ्यात शहाणी वाटते: टीम सोडायची, पण वर्ग नाही.

मात्र पूर्ण चार वर्षं राहणं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. कॉलेजचा मोसम जानेवारीत इनडोअरने सुरू होतो तो जूनपर्यंत संपत नाही. 60, 100, 200, वर दोन रिले, आणि कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या गटाच्या स्पर्धेत) गुण हवेत म्हणून प्रत्येकात फेऱ्या. केंटकी विद्यापीठाच्या ॲबी स्टाइनरने 2022 मध्ये इनडोअर 22.09, आउटडोअर 21.80 असे 200 मीटरचे कॉलेज विक्रम केले, लगेच राष्ट्रीय विजेतेपद घेतलं आणि जुलैत जागतिक स्पर्धेत दोन रिले सुवर्णं. पण वैयक्तिक 200 मध्ये ती पाचवी आली. पाय थकलेले दिसत होते, असं मला तेव्हा वाटलं. पुढे पायाच्या दुखापतीने गाठलं आणि पॅरिसच्या संघात ती नव्हती. म्हणून कॉलेज निवडताना कोचला सरळ विचारा: माझी मुलगी एका वीकेंडला किती वेळा पळणार? उत्तर गोलमोल आलं तर समजून घ्या.

पैशाचं गणित आता बदललंय. जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर, म्हणजे जाहिराती-प्रायोजकांकडून, कमावता येतं. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजही खेळाडूला थेट पैसे देऊ शकतं, पण त्यातला मोठा वाटा फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातो. तरीही ‘कॉलेज म्हणजे उपाशी’ हा जुना युक्तिवाद आता चालत नाही. उलट बुटांच्या कंपन्यांच्या करारात कपातीची कलमं असतात: ठरलेल्या क्रमवारीत नाही आलात, पुरेशा शर्यती पळाला नाहीत, की रक्कम उतरते. एजंटचा वाटा वेगळा, कोच आणि मसाज वेगळे. पॅरिसमध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने आल्फ्रेडला सुवर्णाचे 50 हजार डॉलर दिले. रौप्याला संघटनेकडून काहीच नव्हतं.

पोरगी भारतीय पासपोर्टवर, विद्यार्थी व्हिसावर असेल तर हे नावावरचं कमावणं फार जपून, वकिलाला विचारूनच. आणि अमेरिकन नागरिक असेल तर ‘भारताकडून पळेल’ हे स्वप्न तूर्त कपाटात ठेवा. त्यासाठी भारतीय पासपोर्ट लागतो आणि दोन पासपोर्ट आपल्याकडे चालत नाहीत.

शाळेतून थेट प्रो? नोआ लाइल्सने 2016 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाची जागा सोडून तेच केलं आणि पॅरिसमध्ये 100 मीटर जिंकली. पण मुलगी सतराव्या वर्षी त्या दर्जाची असेल तर कंपन्याच दारात येतील, तुम्हाला शोधायला जावं लागणार नाही.

करार खरंच आला, तर एक कलम मागून घ्या. ॲलिसन फेलिक्स 2003 मध्ये शाळेतून थेट प्रो झाली तेव्हा अदिदासने तिची सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची फी भरली होती, आणि ती शिक्षिकेची पदवी घेऊन बाहेर पडली. हे सांगितल्यावर त्या घरातल्या वडिलांनी एक्सेलमध्ये ‘फी – कंपनी’ असा नवा रकाना काढला. पोरीने पहिल्यांदाच एका कानातला इयरफोन काढला आणि विचारलं, “मग टीमसोबतच्या बसमध्ये नाही बसता येणार का?” नाही येणार. ते मात्र खरंच सुटतं.