पाळीव सापासाठी हीट मॅट की सिरॅमिक हीटर?

कॉर्न स्नेक छोट्या टबमधे असेल तर हीट मॅट (टबखाली ठेवायची तापणारी चटई) पुरते, वीजही कमी खाते, पण ती फक्त तळ तापवते, हवा नाही, आणि वर जाड भुसा टाकला की ऊब खालीच अडकते अन तळ मात्र चटका बसेल इतका तापतो. बॉल पायथन या अजगराच्या मोठ्या टाकीला मी तरी सिरॅमिकच (बल्बसारखा, पण उजेड न देणारा हीटर) म्हणेन, गरम बाजू ३१-३२ डिग्री, थंड बाजू २५-२७ नीट धरता येते, रात्री उजेडही नाही. फक्त हवा कोरडी पडते, आणि आत लावलात तर भोवती जाळी हवीच, साप बिनधास्त वेटोळं घालतो त्याला. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आवरणारं यंत्र) दोन्हीला लागतोच, तिथे कंजूसपणा नको. मॅटच्या थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅटला चिकटवा, हवेत लोंबता ठेवलात तर मॅट तापतच राहील.