स्टेरॉइड चालू असताना दाढ बसवायची: ब्रिज की इम्प्लांट?

संधिवातासाठी माझी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची ५ मिलिग्रॅमची गोळी बरीच वर्षं चालू आहे. खालच्या जबड्यात डावीकडे ब्रिज आहे, म्हणजे शेजारच्या दोन दाढांवर टेकवलेली खोटी दाढ; उजवीकडे इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेली. दोन्ही गोळी चालू असतानाच कोल्हापूरच्या राजारामपुरीत बसवून घेतले.

ब्रिज दहा दिवसांत झाला. त्याला नवं हाड भरायची वाट बघावी लागत नाही, म्हणून गोळीची अडचण आली नाही. शेजारच्या दोन धडधाकट दाढा मात्र घासाव्या लागल्या.

इम्प्लांटची सगळी भिस्त हाडावर. टायटॅनियमच्या स्क्रूभोवती नवं हाड भरून तो घट्ट धरला पाहिजे, आणि स्टेरॉइड नेमकं तिथंच आडवं येतं. हाड बांधणाऱ्या पेशी कमी पडतात, हाड झिजवणाऱ्या जास्त दिवस टिकतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. जखमही सावकाश भरते. स्वीडनच्या डॉ. ब्रॅनेमार्क यांनी १९६५ साली माणसाच्या जबड्यात असे स्क्रू पहिल्यांदा बसवले. त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्याला तीन महिने थांबत. मला सहा महिने थांबवलं. फार लांबले ते दिवस.

तरीही माझं मन इम्प्लांटकडे झुकतं, त्याला कारण रविवारचं सुक्कं मटण. त्याचा एखादा धागा ब्रिजखाली जाऊन बसतो. तो काढायला खालून दोरा ओवावा लागतो. रात्री राहिला तर सकाळी हिरडी ठणकते, आणि सकाळी माझी बोटं तासभर आखडलेली असतात. अशा बोटांनी मागच्या दाढेखाली दोरा ओवताना कितीदा डोळ्यांत पाणी आलंय. इम्प्लांटभोवती बारीक ब्रश फिरवला की माझं भागतं.

अर्थात, माझा डोस कमी आणि स्थिर होता. तुमचा मोठा असेल, जोडीला मधुमेह असेल, किंवा हाडांसाठी अ‍ॅलेंड्रोनेटसारखी गोळी चालू असेल, तर संधिवाताच्या आणि दाताच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. अ‍ॅलेंड्रोनेटमुळे क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं आणि भरून येत नाही. आणि इम्प्लांटसाठी म्हणून स्टेरॉइड स्वतःहून थांबवू नका. बरेच दिवस गोळी घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड, कमी बनवतं. गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

आता माझी वरची एक दाढ हलायला लागली आहे. वरचं हाड मऊ, तिथं आणखी थांबावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. थांबेन म्हणालो.