रॉक्सबरी ते नेटिक : पाद्री जॉन एलियट यांच्या मागावर अर्धा दिवस

उन्हाळ्यात आई-वडील बॉस्टनला आले की त्यांना हार्वर्ड आणि बंदर दाखवून आणायचे, असा इथल्या मराठी घरांतला शिरस्ता आहे. माझ्या वडिलांनी मात्र पुण्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात उभी हयात घालवली आहे. अमेरिका खंडात छापले गेलेले पहिले बायबल इंग्रजीत नव्हे, तर इथल्या मूळ रहिवाशांच्या मॅसॅच्युसेट भाषेत निघाले, एवढे कानावर पडताच त्यांनी बंदराचा बेत रद्द केला. ते बायबल सिद्ध करणारे पाद्री जॉन एलियट यांच्या आयुष्यावर आखलेली, आठ जणांना एका गाडीतून नेणारी चार तासांची सहल आम्ही घेतली. तिचे पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही, पण तिच्यातली एक उणीव मला अजून खटकते आहे.

आरंभच थोडा रसभंग करणारा झाला. रॉक्सबरीच्या ज्या जुन्या दफनभूमीत एलियट यांना पुरले, तिच्या फाटकाला कुलूप होते आणि आयोजकांनी आधी परवानगी काढलेली नसल्यामुळे आम्हाला गजांतूनच आत डोकावावे लागले. वाटाड्या बाईंनी मात्र ही कसर बोलण्याने बरीच भरून काढली. १६०४ साली इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात जन्म, केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिक्षण, १६३१ साली बॉस्टनला आगमन आणि १६३२ पासून १६९० मध्ये मृत्यू येईपर्यंत याच रॉक्सबरीच्या मंडळीची सेवा, हा सगळा पट त्यांनी तारखांचे ओझे जाणवू न देता उलगडला. एलियट हे आधी गावचे पाद्री होते आणि धर्मप्रसाराचे काम त्यांनी ती जबाबदारी सांभाळून केले, हा त्यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला. १६४० साली निघालेले स्तोत्रांचे पुस्तक, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींत छापलेले पहिले पुस्तक, सिद्ध करण्यातही त्यांचा हात होता.

सहलीचा सर्वांत चांगला भाग न्यूटनला, नोनॅन्टमच्या स्मारकापाशी आहे. २८ ऑक्टोबर १६४६ रोजी वाबन नावाच्या प्रमुखाच्या झोपडीत एलियट यांनी मूळ रहिवाशांच्या भाषेत प्रवचन दिले, हे फलकावरही वाचता येते. त्याआधी डॉर्चेस्टरला केलेला तसाच प्रयत्न साफ फसला होता, हे मात्र बाईंनी आवर्जून सांगितले. श्रोत्यांनी विचारलेल्या शंकाही त्यांनी ऐकवल्या. त्यांतली एक अशी, की आमच्या भाषेत केलेली प्रार्थना येशू ख्रिस्ताला कळते का? यावर गाडीतले सगळे हसले, वडील मात्र हसले नाहीत. ज्याची भाषा दुसऱ्याच्या लेखी भाषाच नसते, तोच असा प्रश्न विचारतो, असे ते मला हळूच म्हणाले.

दक्षिण नेटिकला चार्ल्स नदीच्या काठी १६५१ च्या सुमारास वसवलेल्या पहिल्या ‘प्रार्थना-गावा’ची, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीची, जागा दाखवतात. रहिवाशांनी स्वतः बांधलेला कमानी लाकडी पूल, इंग्रजी धर्तीचे सभागृह, केस कापण्यापासून राहणीपर्यंत सर्व बाबतींत घातलेले नियम आणि १६७४ पर्यंत १४ वर गेलेली अशा गावांची संख्या, ही माहिती नेटकी असली तरी सांगण्यातला आधीचा जिवंतपणा इथे ओसरला.

खरी उणीव मात्र बायबलाची गोष्ट निघाल्यावर उघडी पडली. खिळे कोणी जुळवले, असे वडिलांनी साधेपणाने विचारले. बाईंनी सॅम्युएल ग्रीन आणि मार्मड्यूक जॉन्सन या इंग्रज मुद्रकांची नावे सांगितली आणि त्या पुढे निघाल्या. एकेका शब्दात तीस-तीस अक्षरे येणाऱ्या भाषेचा मजकूर, ती न जाणणाऱ्या जुळाऱ्याच्या हातून बिनचूक उतरणे कसे शक्य होते? त्या छापखान्यात निपमक जमातीचा जेम्स प्रिंटर काम करत होता. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मजकूर समजून जुळवू आणि तपासू शकेल असा हा एकच माणूस आपल्याकडे आहे, असे खुद्द एलियट यांनी लिहून ठेवले आहे. एलियट यांना ती भाषा ज्याने आधी शिकवली, तो लाँग आयलंडचा कोकेनो इंग्रजांच्या पीकॉट जमातीविरुद्धच्या युद्धात पकडला गेला होता. त्याचाही उल्लेख सहलीत एका वाक्यापलीकडे गेला नाही. १८१३ साली बॉस्टनच्याच मिशनरी मंडळाचे गॉर्डन हॉल मुंबईत येऊन मराठी शिकले, तेव्हा त्यांना शिकवणाऱ्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत, हा प्रश्न परतीच्या वाटेवर माझ्या मनात घोळत राहिला.

इंग्रज वसाहती आणि मूळ रहिवासी यांच्यात १६७५ साली पेटलेल्या युद्धाला तर जेमतेम पाच मिनिटे मिळाली. नेटिकच्या ख्रिस्ती झालेल्या माणसांना वसाहतीच्या सरकारने त्या ऑक्टोबरात बॉस्टन बंदरातल्या डीअर बेटावर नेऊन ठेवले, हिवाळ्यात थंडीने आणि उपासमारीने त्यांतले कितीतरी मेले, आणि एलियट यांनी कैद्यांना गुलाम म्हणून विकण्याला विरोध केला तरी तो निष्फळ ठरला. या माणसाच्या आयुष्यातली सर्वांत कठीण घटना गाडी वळवताना सांगून उरकण्यासारखी नव्हती. नेटिकचा एखादा थांबा कमी करून बंदराकडे जाता आले असते.

गाडी स्वच्छ होती, वेळ काटेकोर पाळला गेला आणि चढउतार फारसा नसल्यामुळे वडिलांना त्रास झाला नाही. मध्ये चहापाण्यासाठी मात्र थांबत नाहीत, त्यामुळे ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांनी फराळ बरोबर घ्यावा आणि दफनभूमी उघडी असेल का, हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावे. घरी आल्यावर १७०९ सालच्या स्तोत्रग्रंथाच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र मी वडिलांना संगणकावर दाखवले. त्यावर मुद्रक म्हणून बी. ग्रीनच्या शेजारी जे. प्रिंटर हे नाव छापलेले आहे. वडिलांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले आणि त्या ओळीतल्या खिळ्यांमधले अंतर थोडे विषम पडले आहे, असे सांगितले.