अलाबामाचे ब्रायंट की सेबन?
अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला या दोन मुख्य प्रशिक्षकांनी प्रत्येकी सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. बेअर ब्रायंटना २५ हंगाम मिळाले (१९५८-८२), निक सेबनना १७ (२००७-२३). चौकड्यांची हॅट घालणारे ब्रायंट उंच मनोऱ्यावरून सराव न्याहाळायचे; १९७१ मध्ये त्यांनी आक्रमणाची अख्खी पद्धतच बदलून ‘विशबोन’ (चेंडू घेऊन धावण्यावर भर देणारी रचना) आणली. सेबन शिस्तीचे, काटेकोर. पण जिगर बघा: जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध १३-० ने मागे असताना मध्यंतरात त्यांनी भरवशाच्या जेलन हर्ट्सला बसवलं, नवख्या टुआ टॅगोवायलोआला क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) म्हणून उतरवलं आणि जादा वेळेत सामना २६-२३ असा खेचून आणला. दबदबा ब्रायंटचाच मोठा, मान्य. माझं मत मात्र सेबनना. नियमानुसार खेळाडूंना देता येणाऱ्या शिष्यवृत्तीच्या ८५ जागांत संघ बांधायचा होता त्यांना. ब्रायंटच्या काळात मर्यादा एवढी कडक नव्हती.