तुटलेलं लॉक जोडायचं की बदलायचं? ओम्नीचा डॅशबोर्ड परत बसवताना

रात्री मीटरचा दिवा लागत नव्हता म्हणून गेल्या मे महिन्यात भांडुपला बिल्डिंगखाली आमच्या ओम्नीचा मीटर उघडला. बल्ब बदलायला दोन मिनिटंही लागली नाहीत. होल्डर पाव फेरा फिरवला की हातात येतो. पण मीटरभोवतीची काळी चौकट ओढताना ‘टक्’ असा आवाज आला होता. परत बसवायला घेतली तेव्हा कळलं की दोन लॉकं (खाचेत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या जिभा) तुटलीत, स्क्रूचा एक कान, म्हणजे ज्यातून स्क्रू जातो तो बाहेर आलेला तुकडा, सुटून आलाय आणि एका भोकातले आटे गेलेत. ते सगळं मार्गी लागेपर्यंत ग्लू, सोल्डरिंग गन, नवा पार्ट आणि कुर्ल्याचा जुना पार्ट असे चारही रस्ते मी पाहिले. तुमच्याहीसमोर आत्ता असाच पसारा असेल, तर कुठल्या रस्त्याने जायचं ते ठरवायला हे उपयोगी पडेल.

आधी पार्ट उलटा करा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत प्लॅस्टिकची जात उमटवलेली असते. एबीएस किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) ही दोन नावं जास्त दिसतील. पीपीपुढे टी आणि २० असेल तर त्यात २० टक्के टाल्क, म्हणजे खनिजाची भुकटी, मिसळलेलं असतं. पुढचा सगळा निर्णय या अक्षरांवर आहे, आणि घाईत नेमकं हेच कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

म्हणून मी थेट ग्लू लावलं. दोन ट्यूबवालं इपॉक्सी समान भाग मिसळून कानाला लावलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी बोटाने जरा दाबलं तर ग्लूचा थर अख्खाच्या अख्खा सोलून निघाला, पापडासारखा. मग चौकट उलटवून पाहिली: पीपी. पॉलिप्रॉपिलीनला साधं ग्लू धरतच नाही, मग ते कितीही महाग असो. एबीएसचं तसं नाही. त्यावर इपॉक्सी छान बसतं, आणि त्याहून चांगला उपाय म्हणजे त्याच प्लॅस्टिकचा चुरा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी. ती भेगेत भरली की दोन्ही तुकडे एकजीव होतात. झटपट चिकटणारं ग्लू मात्र दिसणाऱ्या भागाजवळ आणू नका. त्याची वाफ आजूबाजूच्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढरी राख धरते आणि मुंबईच्या दमट हवेत ती जास्तच दिसते.

पीपीसाठी सोल्डरिंग गन. चारांतला मला सगळ्यात आवडलेला उपाय हाच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कान जागेवर धरायचा, स्टेपलरची पिन आडवी ठेवून गरम टोकाने प्लॅस्टिकमध्ये बुडवायची, म्हणजे सांध्याला सळई मिळते. वरून भरायला प्लॅस्टिक लागतं तेही पीपीच हवं. केबल टाय वापरू नका. तो नायलॉनचा असतो, पीपीत मिसळत नाही. हॉटेलच्या पार्सलचा डबा उलटा करून बघा. त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पीपी. त्याच्या झाकणाची बोटभर पट्टी कापली की काम भागतं. खिडक्या उघड्या ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका, आणि सांधा पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नका. मी असा जोडलेला कान पूर्ण पावसाळा खड्ड्यांतून गेला, अजून घट्ट आहे.

पण हे कानांना आणि स्क्रूच्या पायांना (ज्या पोकळ खुंटीत स्क्रू आवळतो तिला) चालतं. जे लॉक दाबलं की वाकून परत सरळ व्हायला हवं, ते जोडण्यात वेळ घालवू नका. जोडलेला भाग कडक होतो, वाकत नाही. पुढच्या वेळी उघडताना तिथेच तुटतो.

सुट्या क्लिपांचा तर विचारच नको, नव्याच घ्या. काही रुपयांची वस्तू आहे. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जुनी क्लिप दाखवली की तशीच मिळते. नायलॉनची नवी क्लिप कोरडी असली तर ठिसूळ असते, म्हणून बसवण्याआधी थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा. पत्र्याची क्लिप गंजलेली दिसली तर तीही बदला.

अख्खी चौकटच गेली असेल तर प्रश्न नवी की जुनी एवढाच उरतो. ही गाडी १९८४ साली आली आणि २०१९ मध्ये बनायची थांबली. एवढ्या वर्षांत डॅशबोर्ड सगळ्यांचा एकसारखा राहिलेला नाही, त्यामुळे फोनवर नुसतं ‘ओम्नीची चौकट’ सांगून नवा पार्ट मागवला तर भोकं जुळतीलच असं नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पार्टांच्या ढिगात आपला तुकडा सोबत नेऊन जुळवता येतो, हा मोठा फायदा. मात्र तिथे पुढची चकाकी बघू नका, मागची लॉकं मोजा. उन्हाने पिकलेलं प्लॅस्टिक ओळखायचं असेल तर कोपरा नखाने दाबून बघा. पांढरी रेघ उमटली तर ठेवून द्या. रंगाचा फरक चालवून घेता येतो, ठिसूळपणा नाही. बाहेरून न दिसणारा ब्रॅकेट असेल तर मी डोळे झाकून कुर्ल्याला जाईन. रोज हात लागणारी चौकट असेल आणि जुळणारी नवी मिळत असेल, तर नवी.

आटे गेलेल्या भोकासाठी जाडा स्क्रू ठोकू नका, पाय फाटतो. त्याच पायात गनने थोडं प्लॅस्टिक भरा आणि थंड झाल्यावर बारीक भोक पाडा. चांगल्या भोकातही स्क्रू घालताना आधी उलटा फिरवा. ‘खट्’ करून जुन्या आट्यात बसला की मग आवळा, तोही बोटांच्या जोराने. माझे आटे गेले ते सरळ आवळल्यामुळेच.

एका ठिकाणी यातलं काहीच करू नका. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, म्हणजे तुमच्याकडे ओम्नीऐवजी मारुतीचीच ईको व्हॅन असेल आणि ती त्यानंतरची असेल तर स्टिअरिंगमध्ये ती असणारच. पिवळ्या वायरी आणि पिवळे कनेक्टर दिसले की थांबा, तो भाग सर्व्हिस सेंटरवाल्यांकडूनच करून घ्या. साध्या ओम्नीतही काम सुरू करण्याआधी दहाच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढायचाच.

आणि चौकट दाबून बसवण्याआधी तो निगेटिव्ह परत लावून मीटरचा दिवा, इंडिकेटर, हॉर्न, वायपर सगळं एकदा चालवून बघा. मी चौकट तशीच दाबून बसवली होती. इंडिकेटर लागेना, आणि पुन्हा उघडताना दुसरा कान गेला.