अंडे, मासा की माशी? डोळ्याच्या विकासातली लिपिड-एन्झाइमे पाहायची तर

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या कॉलेजांत एमएस्सीच्या प्रकल्पासाठी डोळ्याच्या विकासातली लिपिड (मेद) बनवणारी एन्झाइमे हा विषय घेतला की तीन प्राणी समोर येतात: कोंबडीचे अंडे, झेब्राफिश आणि फळमाशी. तिघांचीही जीवनचक्रे तुम्हाला ठाऊक आहेत. त्यामुळे थेट अडचणीवर येतो. माझा कल माशीकडे आहे, आणि त्याचे कारण माशीपेक्षा इतर दोघांच्या बलकात जास्त आहे.

लिपिड बनवणारे एन्झाइम बंद केले म्हणजे लिपिड संपले, असे होत नाही. प्रथिनाच्या बाबतीत जनुक बिघडले की माल थांबतो. मेदाच्या बाबतीत आईने अंड्यात आधीच शिधा भरून ठेवलेला असतो. कोंबडीच्या एका बलकात साधारण ५ ग्रॅम मेद असतो आणि २०० मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल. ३३ तासांच्या सुमाराला दृक्-पिशव्या (डोळ्याची पहिली खूण) बाहेर येतात. ५० तासांच्या आसपास दृक्-चषक आणि भिंगाचा खळगा दिसू लागतो. तोवर बलकाच्या रक्तवाहिन्या चालू झालेल्या असतात. तुम्ही स्टॅटिन (कोलेस्टेरॉल बनवणारे एन्झाइम अडवणारे औषध) टोचता, डोळा व्यवस्थित तयार होतो, आणि अहवालात काय लिहायचे हा प्रश्न उरतो: एन्झाइमची गरज नव्हती, की बलकाने भरपाई केली? शिवाय मेदात विरघळणारे औषध त्याच बलकात मुरते, म्हणजे भ्रूणापर्यंत नेमके किती पोचले तेही सांगता येत नाही. कोंबडीबाबत माझे मन इथेच उतरले.

तरीही अंड्याला नावे ठेवणे बरोबर नाही. खर्च सर्वांत कमी, आणि डोळा डोळ्यांनी दिसतो. फक्त फार्मची अंडी घेऊ नका, ती फलित नसतात. गावरान घ्यायची तर रोज गोळा केलेली घ्या. उन्हाळ्यात टोपलीत चार दिवस राहिलेल्या अंड्यात भ्रूण थोडाफार पुढे सरकलेला असतो, मग एकाच ट्रेमध्ये तीन अवस्था मिळतात. ३७.५ अंश, अंडे आडवे, खिडकी कापण्याआधी टोकाकडून सुईने ३ ते ५ मिली पांढरा भाग काढायचा, म्हणजे भ्रूण कवचाला चिकटून फाटत नाही. खिडकी टेपने बंद करताना फट राहिली तर दोन दिवसांत भ्रूण वाळतो.

एक सावधगिरी. सायक्लोपामाइन हे रसायन देऊन एकडोळे पिलू मिळाले की काही जण ते कोलेस्टेरॉलच्या एन्झाइमचा पुरावा म्हणून मांडतात. सायक्लोपामाइन हेजहॉग या संदेशवाहक प्रथिनाचा निरोप पुढे नेणाऱ्या स्मूदन्ड प्रथिनाला अडवते, एन्झाइमला नाही. हेजहॉग प्रथिनाला कोलेस्टेरॉलचा तुकडा जोडला जातो हे १९९६ पासून माहीत आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वाटेवरच्या वाटतात. पण प्रयोग वेगळे आहेत.

झेब्राफिशचा शिधा लहान असतो, साधारण पाचव्या दिवसापर्यंत पुरतो. म्हणून मासा निदान खरे बोलतो, उशिरा का होईना. फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल बनवणाऱ्या सीडीआयपीटी एन्झाइमचा बिघाड असलेल्या माशांत डोळा आधी नीट तयार होतो, नंतर भिंग गढूळ होते आणि प्रकाशग्राही पेशी मरतात. हे २०११ साली प्रसिद्ध झाले. बारकाईने पाहिले तर यातून डोळा टिकण्याबद्दल बरेच कळते, तो घडण्याबद्दल कमी. तुमच्या प्रकल्पाच्या नावात ‘विकास’ हा शब्द असेल तर परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतील.

माशातली दुसरी कटकट रंगद्रव्याची. डोळा काळा पडू नये म्हणून २४ तासांच्या आधी पाण्यात ०.००३ टक्के पीटीयू घालतात. पण त्याच मात्रेने झेब्राफिशचा डोळा लहान होतो, हे दाखवले गेले आहे. ज्या प्रयोगात डोळ्याचा आकार हेच माप आहे, तिथे हे औषध सगळ्या गटांत सारखे द्यावे लागते, नाहीतर वापरूच नये. मॉर्फोलिनोची (जनुक दाबणाऱ्या कृत्रिम रेणूंची) गत तीच: पी५३ (पेशीमृत्यू घडवणारे प्रथिन) जागे होऊन पेशी मरतात, डोके-डोळे लहान होतात आणि तेच एन्झाइमचे काम वाटते. शिवाय २८.५ अंशांचे पाणी आणि १४ तास उजेड, १० तास अंधार यांत करंट गेला की खंड पडतो. अंडी पहाटे दिवा लागताच पडतात, त्यामुळे टायमर हलला की सकाळ वाया. इन्व्हर्टर असेल तर हा आक्षेप सोडून द्या.

आता माशी. तिचा संयुक्त डोळा भ्रूणात नाही, अळीच्या नेत्रचकतीत (पुढे डोळा होणाऱ्या पेशींच्या चपट्या पिशवीत) घडतो. तिसऱ्या अवस्थेतल्या अळीत चकतीवरून एक खाच मागून पुढे सरकते आणि तिच्या मागे एकेक नेत्रिका (संयुक्त डोळ्यातला एक छोटा डोळा) मांडली जाते, एकूण साडेसातशे-आठशे. तोवर आईचा शिधा केव्हाच संपलेला असतो. अळी खाते त्यावर सगळे चालते, आणि खाद्य आपण शिजवतो. खाद्यातला मेद हा माशीचा बलकच म्हणा, पण तो वजन करून घालता येतो.

दुसरा फायदा म्हणजे एन्झाइम फक्त डोळ्यात बंद करता येते. स्फिंगोलिपिड बनवण्याची पहिली पायरी ज्या एन्झाइमची, त्याचा एक भाग लेस या जनुकातून येतो. ते पूर्ण गेले तर माशी जगत नाही. अर्धवट बिघाडाच्या जोड्यांत ती जगते, पण डोळा लहान आणि खडबडीत होतो, कारण चकतीतल्या पेशी जेएनके या संकेतमार्गाने मरतात. हे १९९९ चे काम आहे. परिणाम दहापट भिंगातून दिसतो. सीडीएस आणि आरडीजीए ही जनुकेही लिपिडचीच, पण त्यांच्यावरचे बरेचसे काम झीज होण्याबद्दल आहे. विकासाच्या यादीत ती डोळे मिटून घालू नका.

माशीची मोठी उणीव इथेच सांगतो. ती स्टेरॉल स्वतः बनवत नाही, यीस्टमधून घेते. डीएचएसारखी लांब साखळीची मेदाम्लेही बनवत नाही. त्यामुळे डीएचसीआर७ (स्मिथ-लेमली-ओपिट्झ विकाराचे एन्झाइम, ज्यात काही मुलांना मोतीबिंदू असतो) किंवा ईएलओव्हीएल४ (फार लांब साखळीची मेदाम्ले बनवणारे एन्झाइम) हा तुमचा विषय असेल, तर माशी बाद, मासाच घ्या. अ-जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनवणाऱ्या एएलडीएच१ए३ चेही तेच. त्यातल्या बिघाडाने मुले डोळ्यांविना किंवा फार लहान डोळ्यांनी जन्मतात, आणि नात्यात लग्न झालेल्या कुटुंबांत असे विकार जास्त सापडतात. मामा-भाचीच्या लग्नाची रीत असलेल्या आपल्या भागात हा विषय कुणाला जवळचा वाटला तर नवल नाही, पण त्यासाठी पृष्ठवंशी प्राणीच लागेल. स्फिंगोलिपिड, फॉस्फोलिपिड, साधी मेदाम्ले यांसाठी मात्र माशीसमोर बाकी दोघे मागे पडतात, असे मला वाटते.

खाद्य म्हैसूरच्या पद्धतीचे: पाणी १ लिटर, रवा १०० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम, आगर १० ग्रॅम, प्रोपिऑनिक आम्ल ७.५ मिली. आम्ल उकळत्या खाद्यात घातले तर उडून जाते आणि आठवड्यात बुरशी येते. भांडे हाताला सोसेल इतके निवल्यावरच घाला. यीस्ट डोळ्यांच्या अंदाजाने टाकू नका, लिपिडचा प्रयोग इथेच बिघडतो. प्रत्येक नळीत वजन करून सारखेच. गुळाची ढेप सगळ्या प्रयोगाला एकच घ्या.

माशीचे वाण म्हैसूर आणि बंगळूरच्या केंद्रांतून मिळतात. नळ्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभरात येतात, फक्त पिशवी उन्हात ठेवू नका. आल्यावर दोन पिढ्या वेगळ्या ठेवून माइट्स नाहीत ना ते पाहा.

एन्झाइम फक्त डोळ्यात बंद करण्यासाठी जीएएल४ ही कळ वापरतात, ती यूएएस जोडलेले जनुक ठराविक पेशींत चालू करते. तिचे दोन वाण लागतात. ‘आयलेस’ लवकर चालू होतो, त्याने डोळ्याचा आकार बदलतो. ‘जीएमआर’ खाचेच्या मागे चालतो, त्याने मांडणी बिघडते. पण जीएमआर-जीएएल४ एकटाही डोळा खडबडीत करतो, विशेषतः तापमान वाढल्यावर. तो एकट्याने ठेवलेला गट नसेल तर तुमचा निकाल निकाल नाही. यूएएस वाणांतल्या मिनी-व्हाइट या खूण-जनुकामुळे डोळ्याचा रंग फिका-गडद होतो, त्याला परिणाम समजू नका. आरएनएआयचे (जनुक दाबणारे) वाण दोन घ्या, जनुकाच्या वेगवेगळ्या भागांवरचे.

बेळगावची हवा माशीला मानवते असे म्हणतात, आणि ते निम्मे खरे आहे. डिसेंबरच्या रात्री पारा १४-१५ पर्यंत उतरतो, एप्रिलच्या दुपारी ३५ च्या पुढे जातो. २५ अंशांना दहा दिवसांत होणारी पिढी १८ अंशांना जवळपास दुप्पट वेळ घेते. त्याहून वाईट म्हणजे जीएएल४ चा जोर तापमानाबरोबर वाढतो. हिवाळ्यात जो डोळा जवळपास निरोगी दिसला, तोच संकर उन्हाळ्यात खडबडीत निघेल. इनक्युबेटर नसेल तर थर्मोकोलची पेटी, पाण्याच्या बाटल्या आणि कमाल-किमान तापमापी, रोज दोनदा नोंद. नियंत्रण गट त्याच पेटीत, त्याच दिवशी लावलेला.

कुमारी माद्या २५ अंशांना आठ तासांच्या आत वेगळ्या करा. एका नळीत दहा माद्या, पाच नर, तीन दिवसांनी नवी नळी. बेशुद्ध करताना ईथर जास्त झाला की पंख वर उभे राहतात, ती माशी मेली समजा. एका माशीचा एकच डोळा मोजा, प्रत्येक गटात किमान ३०, आणि खडबडीतपणाची शून्य ते चार अशी श्रेणी लेबल न पाहिलेल्या मित्राकडून लावून घ्या.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही म्हणून अडू नका. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली नेलपॉलिशच्या ठशाची पद्धत मांडली. काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब, त्यात माशीचे डोके, वाळल्यावर पापुद्रा सुईने सोडवायचा आणि ठशाची बाजू वर करून कव्हरस्लिपखाली सपाट करायचा. थेंब जाड झाला की बुडबुडे अडकतात आणि ते जुळलेल्या नेत्रिकांसारखे दिसतात, म्हणून आधी निरोगी माशीचे दहा ठसे काढून हात बसवा.