शेल बेअरिंगच्या नावाखाली फसवणूक: जुनं इंजिन वर्कशॉपला देण्याआधी वाचा

पूर्व विदर्भातल्या एका मालगुजारी वाड्यात फोर्ड मॉडेल ए आहे, 1928 ते 1931 च्या काळातली. तिच्या इंजिनातलं ओतीव व्हाइट मेटल (बेअरिंगच्या जागी ओतलेला मऊ मिश्रधातू) काढून पातळ शेल (बाहेरून तयार आणून बसवायचे अर्धगोल बेअरिंग) बसवायचं काम एका वर्कशॉपने घेतलं. तीन मेन (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी) आणि चार बिगएंड (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथली), अशा सातही बेअरिंगचे पैसे घेतले. गाडी थोडी चालली आणि इंजिन ठोकू लागलं. मालकांनी विचारलं तर ‘चालवून चालवून बसेल’ असं उत्तर मिळालं. ओतीव मेटल असो की शेल, ठोकणारं बेअरिंग चालवून कधीच बसत नाही. शेवटी इंजिनखालचं तेलाचं चेंबर उतरवलं तेव्हा आत जे दिसलं ते सविस्तर सांगतो, कारण विहिरीवरच्या आणि दालमिलच्या जुन्या ऑइल इंजिनांवरही हीच हातचलाखी चालते.

मेनला एकही शेल नव्हता. जुनं मेटल वरवर खरवडून त्यावर शिशाचं मिश्रण ओतलं होतं. चांगल्या व्हाइट मेटलमध्ये सुमारे 89 टक्के कथिल, 7.5 टक्के अँटिमनी आणि 3.5 टक्के तांबं असतं. शिशाचं मिश्रण हलक्या कामाला चालतं, पण इथे पैसे शेलचे घेतले होते. शिवाय खालच्या पृष्ठभागाला कथिलाचा हात न देताच ओतल्यामुळे थर सुटा होता. कडेला रॉकेल जिरवून पुसलं, खडू फासला आणि बेअरिंग दाबलं, की सुट्या थराखालचं रॉकेल खडूवर उमटतं. धातू कोणता, हे सोनाराच्या काट्यावर कळतं. तुकडा आधी कोरडा तोला, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोला. पाण्यात वजन जेवढं घटलं, त्याने कोरड्या वजनाला भागा. उत्तर 7.4 च्या आसपास आलं तर कथिल, 10 च्या जवळ गेलं तर शिसं.

बिगएंडला शेल होते, पण भलत्याच इंजिनचे. बाहेरचा व्यास कमी पडला म्हणून पाठीमागे पॉलिश पेपरच्या पट्ट्या घातल्या होत्या. शेलची पाठ रॉडच्या लोखंडाला पूर्ण टेकली तरच उष्णता बाहेर जाते. मध्ये कागद आला की शेल तापतो, कागद दबतो, गाळा (बेअरिंग आणि क्रँकमधली फट) वाढतो आणि कागदाची वाळू तेलात उतरते. शेलचे कान (कडेला पुढे आलेलं टोक) कानशीने उडवले होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कॅपखाली (बेअरिंगचा बोल्टने सुटणारा अर्धा भाग) जुने शिम (पातळ पत्रे) तसेच होते. ओतीव बेअरिंगमध्ये झीज झाली की एकेक शिम काढून गाळा जुळवतात, तिथे ते हवेच असतात. शेलला त्यांचं काही काम नाही. शेलची टोकं जोडाच्या वर केसभर राहतात, कॅप आवळताना ती दाबली जातात आणि त्या दाबानेच शेल जागेवर धरला जातो. कान फक्त जागा दाखवतो, पकड देत नाही. खाली शिम राहिला तर हा दाब मिळत नाही, शेल फिरतो, त्याचं भोक तेलाच्या वाटेवरून सरकतं आणि क्रँक जळतो.

काही मिस्त्री उलट करतात, सैल बेअरिंग घट्ट करायला कॅपच घासतात. हे कधीही करू देऊ नका. भोक अंडाकृती होतं, आणि मग पुन्हा बोरिंग केल्याशिवाय ते गोल होत नाही, मेनला तर लाइन बोरिंग (सगळी भोकं एका रेषेत कापणं) लागतं.

खरं काम असं होतं. मॉडेल ए चा मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) 1.625 इंची आणि बिगएंड 1.5 इंची. प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी, आडवा आणि उभा, मायक्रोमीटरने मोजायचा. फरक 2 थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) वर गेला की ग्राइंडिंग. ग्राइंडिंग करताना कोपऱ्यातली गोलाई शाबूत राहिलीच पाहिजे. कोपरा धारदार झाला तर क्रँक तिथेच तुटतो. गोलाई राखली की शेलची कड तिच्यावर चढत नाही ना, तेही बघायचं. मग मेन कॅप 80 आणि रॉड 35 फूट-पाउंड टॉर्कने आवळून, शेल न घालता, रिकामं भोक मोजायचं. ब्लॉकचं लाइन बोरिंग झालं नसेल तर मेनला शेल बसूच शकत नाही. बिलात ते नसेल तर तिथेच हटकून विचारा. पुढे गाळा प्लास्टिगेजने (कॅपखाली दाबून रुंदी मोजायचा मऊ प्लास्टिकचा धागा) बघायचा: व्यासाच्या दर इंचाला साधारण 1 थाऊ, म्हणजे बिगएंडला दीड ते दोन.

मागच्या मेनवर खास लक्ष द्या. क्लच दाबला की क्रँकचा पुढेमागे रेटा त्याच बेअरिंगच्या कडा घेतात. बिनकडेचे शेल घातले आणि रेट्यासाठी वेगळी सोय केली नाही, तर क्रँक सरकत राहतो.

मेटल शाबूत असेल तर शेलच्या मागे लागूच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. या इंजिनात प्रेशरने तेल जात नाही. पंप तेल वर व्हॉल्व्ह चेंबरात चढवतो, तिथून ते आपल्या वजनाने मेनकडे उतरतं, आणि बिगएंडला डिपर (रॉडच्या टोकाला तेलात बुडणारे चमचे) उडवतील तेवढंच मिळतं. ऑइल फिल्टरही नाही. कापसाच्या पट्ट्यातली काळ्या मातीची धूळ मऊ मेटल पोटात घेतं. कडक पृष्ठभागाचा पातळ शेल ती घेत नाही, जर्नल ओरखडतो. शेल घालायचेच तर मऊ थराचे घ्या आणि तेल लवकर बदला.

काम देताना जर्नलची मापं आधी आणि नंतर, दोन्ही लिहून मागा. शेलच्या पाठीवर मापाचा आकडा असतो, बसवण्याआधी त्याचा फोटो काढा. डबा आणि काढलेले जुने भाग परत घ्या. पक्क्या बिलात ‘शेल सात, लाइन बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग’ असं वेगवेगळं लिहून घ्या. नुसतं ‘इंजिन काम’ लिहिलेलं बिल घेऊ नका. शेवटचा हप्ता देण्याआधी एक मेन आणि एक बिगएंड कॅप समोर उघडायला सांगा. नकार मिळाला तर पैसे थांबवा.

फसवणूक झालीच असेल तर ते भाग दुरुस्तीला त्याच वर्कशॉपला परत देऊ नका, तोच पुरावा आहे. कॅप, शिम आणि कागदाच्या पट्ट्या पिशवीत ठेवा, दुसऱ्या मिस्त्रीकडून मापं लेखी घ्या. जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सल्ल्यासाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.